दाताचं इनॅमल आणि त्यावरची कॅप कशी सांभाळावी

रूट कॅनल झालं, कॅप बसली, पैसे चुकते केले, की बहुतेक जण त्या दाताला विसरूनच जातात. झिरकोनियाची (एक टणक सिरॅमिक) कॅप किडत नाही हे खरं. पण हिरडीलगत जिथे कॅप संपते, तिथून खाली आपलाच दात असतो. तिथे इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, अगदी पातळ असतं किंवा नसतंच; असतं ते त्याखालचं मऊ डेन्टिन. कीड बहुतेक वेळा याच कडेतून आत शिरते. रूट कॅनल झालेल्या दातात नस उरलेली नसल्यामुळे ठणकाही लागत नाही, आणि एक दिवस कॅप आतल्या खुंटासकट हातात येते.

इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. सुरुवातीची बारीक झीज लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटमुळे भरून निघते. खड्डा मात्र आपोआप बुजत नाही.

आधी एका दिवसाची नोंद करा

लाळेचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 7 च्या आसपास असतो. तो 5.5 च्या खाली उतरला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. डेन्टिनचं त्याही आधी, पीएच 6 च्या वर असतानाच. गोड तोंडात गेलं की जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून जेवणानंतर दोन पेढे एकदम खाणाऱ्यापेक्षा दिवसभर तासातासाला साखरेचा कटिंग घेणाऱ्याचे दात जास्त धोक्यात असतात.

एखाद्या नेहमीच्या कामाच्या दिवशी साध्या पाण्याखेरीज जे जे तोंडात गेलं ते वेळेसकट कागदावर लिहा. आवळा सुपारी, साखर लावलेली बडीशेप, खोकल्याची गोळी, चहाबरोबरचं अर्धं बिस्कीट, सगळं. दोन नोंदींमध्ये तासभरही मोकळा सापडत नसेल, तर पहिली दुरुस्ती तिथेच करा: चहा सोडायची गरज नाही, पण बिस्किटं आणि गोड चहा एकाच वेळी उरका. शुगर-फ्री कोल्यावर विसंबू नका. साखर नसली तरी त्यातलं आम्ल दात झिजवतंच.

आंबटानंतर लगेच ब्रश नको

सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात लिंबू-मध, आणि लगेच ब्रश. आरोग्याच्या नावाखाली रूढ झालेला हा क्रम दातांसाठी सगळ्यात वाईट. आम्लाने इनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ पडतो आणि त्याच वेळी आपण तो घासून काढतो. आधी ब्रश करा, मग लिंबूपाणी घोट घोट न रेंगाळता संपवा, वर साध्या पाण्याने चूळ भरा. कैरी, चिंच, कोकम सरबत यांचंही तेच: दात आंबले असतील तर निदान अर्धा तास ब्रशला हात लावू नका.

छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येत असेल, तर वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजते, आरशात ती दिसतही नाही. अशा वेळी पेस्ट बदलून भागत नाही, पित्तावर उपचार घ्यावे लागतात. उलटी झाल्यावर ब्रश न करता पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरा.

कॅपवरच्या सिरॅमिकला खाण्यातलं आंबट फारसं बाधत नाही. पण ती चिकटवायला ग्लास आयोनोमर सिमेंट वापरलं असेल, तर कड नीट न बसलेल्या जागी ते आम्लाने हळूहळू झिजतं आणि फट पडते. दवाखान्यात फ्लोराइड जेल लावणार असतील तर सिरॅमिकची कॅप आहे हे आठवणीने सांगा. आम्लयुक्त जेलने तिची चकाकी जाते, त्याऐवजी न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं, जेल वापरता येतं.

रात्र आणि कोरडं तोंड

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. त्यामुळे हळदीचं साखर घातलेलं दूध आधी, ब्रश शेवटी. फ्लोराइडची पेस्ट वापरा (मोठ्यांसाठी 1000 ते 1500 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराइड), फेस थुंका आणि नंतर खळखळून चूळ भरू नका.

रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या काही औषधांनी दिवसाही तोंड कोरडं पडतं. कोरडे चुरमुरे पाण्याशिवाय गिळता येत नसतील तर डॉक्टरांना सांगा, गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. साधं पाणी जवळ ठेवा, साखर नसलेलं च्युइंगम चघळा.

कॅपची कड रोज साफ करा

मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून कडेवरून हलकेच फिरवा. मिश्री, कोळसा, मीठ यांनी घासणं थांबवा. मिश्री तर भाजलेली तंबाखूच आहे. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) दाताभोवती वळवून कडेच्या थोडा खाली न्या. कॅप तात्पुरती असेल तर फ्लॉस वर ओढू नका, बाजूने काढून घ्या, नाहीतर कॅप उचलली जाईल. एकाच जागी फ्लॉस वारंवार फाटत असेल, त्याला वास येत असेल किंवा पूर्वी न अडकणारं अन्न अडकायला लागलं असेल, तर कड उघडली आहे असं समजून एक्स-रे काढून घ्या.

झोपेत दात खात असाल तर

सकाळी जबडा दुखतो का, घरच्यांना करकर ऐकू येते का, विचारा. तसं असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, करून घ्या. कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि उंच लागणारा भाग घासतात. झिरकोनियाची कॅप घासल्यावर पुन्हा पॉलिश केली का, हे बेधडक विचारा. खरखरीत राहिली तर ती समोरच्या दाताचं इनॅमल झिजवते.

कॅप निघालीच तर स्वच्छ डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि दोनेक दिवसांत दवाखाना गाठा. फेविक्विकने ती घरी चिकटवू नका. वाकडी बसली तर काढताना दातच तुटतो.