पोलंडला निघालात? मग पोलिश इंग्रजीतून शिकू नका

पोलंडला जाण्याआधी मी महिनाभर वहीत वाक्यं उतरवून पाठ केली होती. क्राकोमध्ये तिसऱ्याच दिवशी, जेवणाचं बिल भरताना, त्यांतल्या सगळ्यात सोप्या शब्दाने घात केला. बिल ६२ झ्वोतींचं, मी शंभराची नोट पुढे केली आणि सवयीने म्हणाले, "जेंकूये", म्हणजे धन्यवाद. वाढणारी मुलगी छान हसली, नोट घेऊन गेली आणि परत आलीच नाही. पैसे देताना "जेंकूये" म्हटलं की त्याचा अर्थ "राहू द्या सुटे" असाही होतो, हे वहीत कुठे होतं? सातआठशे रुपयांची टीप देऊन हा धडा शिकले. नोट देताना "प्रोशे" म्हणावं, म्हणजे "घ्या". सुटे पैसे हातात आले की मग हवं तेवढं "जेंकूये".

"प्रोशे" हा फार कामाचा शब्द. कृपया, हे घ्या, धन्यवादाला उत्तर, आणि प्रश्नार्थक सुरात म्हटलं तर "काय म्हणालात?" इतकी सगळी कामं तो करतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र उच्चारांची, आणि ती आपण उगाच करतो. पोलिश स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचायचं आणि मग "बाई, किती अवघड भाषा" म्हणायचं. खरं तर मराठी कानाला ही भाषा बरीच जवळची आहे. आपल्याकडे दोन च आहेत, चमच्यातला आणि चहातला. पोलिशमध्येही आहेत. नुसता सी दिसला की चमच्यातला च, सी-झेड दिसलं की चहातला. रस्त्याला म्हणतात "उलिचा", त्यात चमच्यातला. ज चंही तसंच. "जेंकूये बार्जो" म्हणजे खूप धन्यवाद. यातला पहिला ज "जेवण"मधला आणि दुसरा "जोडा"मधला. इंग्रजी पुस्तकं हे समजवायला अर्धं पान घेतात, आपल्याला एका ओळीत कळतं. म्हणून वाक्यं रोमनमध्ये नाही, देवनागरीत लिहून घ्या.

बाकी नियम थोडके. डब्ल्यू म्हणजे व, जे म्हणजे य. एल वर आडवी रेघ असली की ओठ गोल करून इंग्रजी "वॉटर"मधला व. आणि जोर जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. एल वरची रेघ नजरेतून सुटली की गावंच हरवतात. इंग्रजीच्या सवयीने आपण "लॉड्झ" वाचतो ते शहर आहे "वुच". स्टेशनवर "लॉड्झ, लॉड्झ" करत मी दोघांना थांबवलं, दोघांनीही खांदे उडवले. शेवटी कागदावर नाव लिहून दाखवलं. क्राको तिथे "क्राकुफ" आहे.

हो-नाहीचा घोळ आणखी वेगळा. हो म्हणजे "ताक". हे विसरणं अवघड आहे, पण पहिले दोन दिवस हसू येतं. नाही म्हणजे "न्ये". आणि फोनवर बोलणारा माणूस "नो, नो, नो" म्हणत असेल तर तो नकार देत नसतो, "हो ना, हं, बरोबर" म्हणत असतो. इंग्रजीला सरावलेला कान इथे नेमका उलटा अर्थ लावतो.

तू आणि अहो यांचं भान आपल्याला उपजतच असतं, तरी तिकडे गेल्यावर आपण ते सोडून देतो. "चेश्च" हे दोस्तांसाठी. दुकानात शिरताना "जेन दोब्रि" म्हणायचं, आणि ते म्हटल्याशिवाय थेट इंग्रजीत सुरू व्हायचं नाही. अनोळखी पुरुष "पान", बाई "पानी". क्रियापद तृतीयपुरुषी, म्हणजे आपण "काकू काय घेणार?" विचारतो तसं. "चि पानी मूवि पो आंग्येल्स्कु?" म्हणजे बाई इंग्रजी बोलतात का? (प्यायचं पाणी हवं असेल तर "वोदा". त्याचंच लाडाचं, लहान रूप म्हणजे "वुत्का", अर्थात व्होडका. तेव्हा उच्चार नीट करा.) साधं पाणी मागताना "न्येगाझोवाना" हा शब्द लागतोच, नाहीतर बुडबुड्यांचं येण्याची शक्यता असते.

"मला हवं होतं" असं नम्रपणे म्हणायला पोलिशमध्ये बाई आणि पुरुषाची रूपं वेगळी आहेत. ऑडिओत पुरुष बोलत असेल आणि तुम्ही बाई असाल तर तसंच्या तसं म्हणू नका. त्यापेक्षा "पोप्रोशे" वापरा, ते दोघांनाही चालतं. पोप्रोशे कावे, एक कॉफी द्या. चहा "हेर्बाता", आणि तो बिनदुधाचाच येतो. दूध घातलेल्या चहाला "बावार्का" म्हणतात आणि तो परंपरेने बाळंतिणीला पाजायचा, त्यामुळे मागितल्यावर कुणी मिश्कील हसलं तर मनावर घेऊ नका.

शाकाहाऱ्यांनी मात्र इथे थांबून वाचा. "बेझ म्येंसा" म्हणजे मांसाशिवाय. "म्येंसो" आणि आपलं मांस एकाच मुळातले. एवढ्याने भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी मासा हा "म्येंसो" नव्हेच. नाताळच्या आदल्या रात्रीचं मांसवर्ज्य जेवण तिथे कार्प माशाशिवाय होत नाही. म्हणून "बेझ रीबि"ही म्हणा. "प्येरोगि रुस्क्ये" म्हणजे बटाटा आणि पनीरासारख्या चीजचे मोदकवजा उकडलेले कानवले. आत काही धोका नाही, धोका वर भुरभुरलेल्या "स्क्फार्कि"त आहे, ते डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे. "बेझ स्क्फारेक" पाठ करून जा. ब्रेडसोबत पांढरं लोण्यासारखं काही आलं तर आधी विचारा, ते "स्मालेच" असेल, म्हणजे पुन्हा चरबीच. पोटभर आणि स्वस्त हवं तर "बार म्लेच्नि" शोधा. नावात बार असला तरी ते दारूचं दुकान नाही, साधी खानावळ आहे.

वेळेचा एक सापळा. झाकोपानेच्या घरमालकीणबाईंनी नाश्ता "फ्पूव दो उस्मेय" सांगितला. उस्मेय म्हणजे आठ एवढं कळलं, आम्ही साडेआठला खाली आलो, अंडी गार. त्याचा अर्थ आठव्यातला अर्धा, म्हणजे साडेसात. आपल्या "अडीच"चा बाप संस्कृतातला "अर्धतृतीय", तिसऱ्यातला अर्धा. तर्क तोच आहे, फक्त झोपेत आठवला नाही.

कुणी "हिंदुस्का?" विचारलं तर तो धर्माचा प्रश्न नाही. भारतीय बाईला पोलिशमध्ये हाच शब्द आहे, पुरुषाला "हिंदुस". "ताक" म्हणा. कोल्हापूरकडचे असाल तर तेही सांगा. १९४३ ते १९४८ या काळात वळीवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, आणि वॉर्सोत त्याचं स्मारक आहे.

शेवटची चूक माझी सगळ्यात लाजिरवाणी. मी प्रश्न पाठ केले, उत्तरं नाही. क्राकोच्या रस्त्यावर निळ्या गाडीवर "ओब्वाझानेक" मिळतात, वळ्यासारखे पाव. खसखशीचा हवा तर "झ माक्येम", तिळाचा तर "झ सेझामेम". मी ऐटीत मागितला. आजींनी पाव दिला आणि विचारलं, "चोश येश्चे?" मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आणि आणखी एक पाव हातात आला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच वाक्य. त्या फक्त "अजून काही?" विचारत होत्या. उत्तर आहे "तो फ्शिस्त्को", एवढंच. तीन पाव घेऊन गेल्यावर ते कळलं.