जुने पीसी गेम उतरवायच्या आधी एवढं बघाच

सांगलीत सायबर कॅफेत रोड रॅश खेळलेली पोरं आता पुन्हा ते जुने गेम शोधायला लागलीत, चांगलंय, पण दिसेल त्या साइटवरून घेऊ नका. आधी जीओजी नाहीतर स्टीम या गेम विकणाऱ्या अधिकृत साइटवर बघा, सेल लागला की बरेच जुने गेम स्वस्तात मिळतात. डूम या गेमचा पहिला एपिसोड (अख्खा गेम नाही) तर १९९३ पासून शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटायचा नमुना म्हणून फुकटच आहे, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम आताच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) चालतो.

अनोळखी साइटवरची मोठ्ठी डाउनलोडची बटणं बऱ्याचदा जाहिराती असतात, आणि गेमऐवजी छोटीशी सेटअप फाइल आली किंवा अँटीव्हायरस बंद करा असं लिहिलेलं असलं तर लगेच डिलीट मारा, कारण असल्या फायलींतूनच ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड चोरीला जातात. शंका असली तर ती फाइल व्हायरसटोटलवर (अनेक अँटीव्हायरसनी एकदम फाइल तपासणारी साइट) टाका, तरी तिथं काही सापडलं नाही म्हणजे फाइल शंभर टक्के सेफ असं नाही. घरच्यांचं नेटबँकिंग चालतं त्या कॉम्प्युटरवर तर हे नकोच.

आणि दुकानात मिळत नाही म्हणून गेम सगळ्यांचा होत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअरही येतं. कुठंच विकत मिळत नाही तो गेम कुणीतरी जपायला हवा हे मला मनापासून वाटतं, पण विकत मिळतोय तरी फुकट उचलायचा हे पटत नाही, बनवणाऱ्यांनी त्यात वर्षं घातलेली असतात. घरात जुनी ओरिजनल सीडी असेल तर खराब व्हायच्या आत तिचीच आयएसओ (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली कॉपी) करून ठेवा.