पुढची चाकं ओढणारी की मागची ढकलणारी: ट्रॅकवर तुलना कशी करावी

इंदूरला माझं व्हील अलाइनमेंटचं काम आहे. ट्रॅकवरून आलेली गाडी मला आधी टायरांवरून कळते. ‘पुढच्या ड्राइव्हची, म्हणजे पुढची चाकं ओढणारी गोल्फ जीटीआय भारी, की मागच्या ड्राइव्हची बीएमडब्ल्यू एम2?’ असं पोरं विचारतात, तेव्हा मी म्हणतो, नुसत्या लॅप टाइमवर जाऊ नका. 2023 साली जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या 20.832 किलोमीटरच्या फेरीला पुढच्याच ड्राइव्हच्या होंडा सिविक टाइप आरला 7 मिनिटं 44.881 सेकंद लागले, एम2 ला त्याहून साधारण सहा सेकंद कमी. पण एम2 ची ताकद सिविकपेक्षा सव्वाशेहून अधिक अश्वशक्तीने जास्त आहे. मग त्या सहा सेकंदांत मागच्या ड्राइव्हचा वाटा किती आणि इंजिनाचा किती, कसं ठरवणार? म्हणून वळण तपासायचं.

जागा नीट निवडा. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ओव्हल (लंबगोल ट्रॅक) आपल्याला जवळ, पण तो टॉप स्पीडच्या चाचण्यांसाठी बांधलाय. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घ्या. तिथलं तिसरं वळण अगदी हळू आणि घट्ट, त्यानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा. ड्राइव्हचा फरक तिथेच उघडा पडतो.

दोन्ही गाड्यांना एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे टायर हवेत. ड्रायव्हरही एकच. हवा सकाळी थंड टायरात भरा, दोन-तीन फेऱ्यांनी पिटमध्ये येऊन गरम टायरात पुन्हा मोजा. उन्हात ती बरीच चढलेली असते.

आता वळणातून बाहेर पडतानाचं बघा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वजन मागे सरकतं. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत नेमकी ताकद लावणारी चाकं हलकी होतात, शिवाय वळवायचं कामही त्यांच्याकडेच. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक फुकट फिरू न देता दोन्हीकडे ताकद वाटणारा गिअर) नसेल तर आतलं चाक फुकट फिरतं आणि नाक बाहेर ओढलं जातं. तेव्हा स्टिअरिंग आणखी वळवू नका; थोडं सरळ होऊ द्या, मगच पाय दाबा. मागच्या ड्राइव्हमध्ये तेच वजन कामाला येतं, पाय लवकर टाकता येतो. पण हळूहळू, स्टिअरिंग सुटेल त्या मापात. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर कुठल्या खुणेपाशी देता आला, ते दोन्ही गाड्यांसाठी लिहून ठेवा. माझ्या मते ही एक नोंद अख्ख्या लॅप टाइमपेक्षा मोलाची.

वळणात शिरताना पुढच्या ड्राइव्हची चांगली गाडी मुळीच कमी नाही. ब्रेक सावकाश सोडत आत गेलात तर नाक छान येतं. मध्येच पाय झटक्यात उचलू नका, मागचा भाग निसटतो. हे दोन्ही प्रकारांत होतं. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, चालू ठेवूनच सुरुवात करा.

शेवटी टायर. बुद्ध सर्किटवर दहा-अकरा क्रमांकाचं लांब उजवं वळण डाव्या पुढच्या टायरची परीक्षा घेतं. त्याच्या बाहेरच्या खांद्यावर तळहात फिरवा. रबराच्या बारीक वळ्या लागल्या आणि मागचे टायर मात्र गुळगुळीत असले, तर पुढच्यांवर सगळा भार पडलाय. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत हे हमखास दिसतं. दर सेशननंतर तपासा, आणि पुढची टायरजोडी व ब्रेक पॅड जास्तीचे सोबत न्या.