गप्पीच्या पिल्लांसाठी श्रीखंडाचा डबा

लातूरला आमच्याकडं गप्पी माशांची दोन फुटांची टाकी आहे, बोअरच्या पाण्याची. जड, क्षारांचं पाणी गप्पीला मानवतं, त्यामुळं महिन्याकाठी पिल्लं ठरलेली. आणि ती खाणारेही ठरलेलेच, सख्खी आई धरून.

पिल्लं वेगळी ठेवायला आधी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला गरम सुईनं भोकं पाडली. फसलं. पाणी आत-बाहेर होईना. उरलेलं खाद्य तळाशी कुजलं, चार पिल्लं गेली.

मग डब्याच्या चारही बाजू कटरनं खिडकीसारख्या कापल्या अन् मच्छरदाणीची नायलॉन जाळी आतून शिवली. दोराही नायलॉनचाच; सुती कुजतो, तार गंजते. टाके अगदी जवळ हवेत, पिल्लू जेमतेम ६-७ मिलिमीटरचं असतं. (माझी दोन निसटली. पुन्हा दिसली नाहीत.) तळ मुद्दाम तसाच ठेवला, घाण सिरिंजनं ओढून घेता येते. काठाला थर्माकोलच्या पट्ट्या बांधल्या. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं, नळाचा तर नेमच नाही. तरंगता डबा पाण्यासोबत आपोआप खाली येतो. हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा) डब्याशेजारी ठेवलाय, खाली नको, बुडबुड्यांनी पिल्लं भेलकांडतात.

सध्या १७ आहेत. मोठ्यांच्या तोंडात मावेनाशी झाली की सोडीन.