मुलं मोठी झालीत, सहल अजून लहानांचीच: सोलापूरला येताना या चुका टाळा

तुळजापूरच्या पार्किंगमध्ये माझा भाचा गाडीतून उतरलाच नाही. मे महिना, दुपारचे सव्वादोन. पहाटे निघून पंढरपूर उरकलं होतं, अजून अक्कलकोट बाकी होतं. दादा काचेवर टकटक करतोय, वहिनी म्हणतेय, "अरे, देवाच्या दारात असा हट्ट करू नये," आणि सोळा वर्षांचा मुलगा कानातले बोळेही न काढता म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मी बसतो इथेच." तेरा वर्षांची भाची उतरली खरी, पण तिची नवी चप्पल सकाळपासून टाचेला लागत होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दर्शनाच्या रांगेत ते कळलं.

ती सगळी आखणी माझी होती. जन्म सोलापुरात, सासरही सोलापुरातच, म्हणजे पाहुण्यांना फिरवायचा माझा अनुभव वीसेक वर्षांचा. तरीही चुकलं. पुढच्या खेपेला डिसेंबरात तीच माणसं परत आली आणि खर्च कमी होऊन सहल झाली. मधल्या काळात काय बदललं, ते लिहिते.

तीन देव एका दिवसात

पुण्या-मुंबईहून येणारे नव्वद टक्के लोक हेच करतात. माझा आकडा अंदाजाचा आहे, पण कुठल्याही सोलापूरकराला विचारा. त्यांच्या डोक्यात सोलापूर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा, आणि दिवसभर पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. नकाशात हे तिघं जवळजवळ दिसतात, पण सोलापूर मधोमध आणि ते तीन दिशांना. पंढरपूर साधारण 75 किलोमीटर, तुळजापूर 45, अक्कलकोट 40. प्रत्येक वेळी जाऊन परत यायचं, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर होतात. वर तीन रांगा, तीनदा पार्किंग. लहान मूल मांडीवर झोपून जातं. पंधरा वर्षांचा मुलगा झोपत नाही, तो चिडतो.

एका सहलीत एकच देव. आजी-आजोबा बरोबर असतील तर मी अक्कलकोट सुचवीन. सगळ्यात जवळ आहे आणि अन्नछत्रात जेवण होतं, त्याचे पैसे पडत नाहीत. फक्त गुरुवार टाळा. तुळजापूरला जायचं तर मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि अख्खं नवरात्र सोडून. कोजागिरीला तर विचारही नको. त्या रात्री सोलापूरहून तुळजापूरपर्यंत रस्ताभर चालत जाणारी माणसंच असतात, गाड्यांना वाट बंद. (भाच्याला मात्र हे ऐकून चालत जायची इच्छा झाली. मुलांचं काही सांगता येत नाही.)

गाडी ठरवली की स्वस्त पडतं, हा समज

बाहेरगावच्या भाड्याच्या गाडीला दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरचं किमान भाडं लावतात, वर चालकाचा भत्ता. म्हणजे अक्कलकोटला जाऊन-येऊन 80 किलोमीटर फिरलात तरी पैसे तीनशेचे. मे महिन्यात आम्ही "पैसे भरलेच आहेत तर फिरून घेऊ" म्हणून तीन देव कोंबले, ते याच हिशेबापायी.

एसटीचा हिशेब करून बघा. राज्यात मार्च 2023 पासून बायकांना आणि मुलींना अर्धं तिकीट आहे. आई, बाबा, मुलगा, मुलगी अशा चौघांचे मिळून तीनच तिकिटांचे पैसे होतात. आजी पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर तिचा प्रवास फुकट, पासष्टच्या पुढे अर्धा. वयाचा पुरावा जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, विजापूरला जाताना पुढच्या टप्प्याचं पूर्ण तिकीट पडतं.

गाडी करायचीच तर लांबच्या दिवसासाठी करा, म्हणजे ते किमान किलोमीटर वाया जात नाहीत. त्याबद्दल खाली येतेच.

रेल्वेचं एक लक्षात ठेवा: बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांत ते पटकन संपतं. वेटिंगवरचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. दादा ऐन वेळी असा अडकला होता. स्टेशनवर वाद घालत बसण्यापेक्षा सरळ स्वारगेट गाठायचं, सोलापूरच्या गाड्या तिथून सुटतात.

लॉजवाल्याला वय न सांगणं

डिसेंबरात वहिनीची आई पण येणार होती, घरात एवढी माणसं मावेनात, म्हणून दादाने स्टेशनजवळ खोली घेतली. ऑनलाइन भरताना 'दोन मोठे, दोन लहान.' काउंटरवरच्या माणसाने मुलांकडे बघितलं (भाचा दादापेक्षा उंच आहे) आणि म्हणाला, "हे लहान?" दोन जादा गाद्यांचे पैसे रोजचे. ऑनलाइन मिळालेली सूट पहिल्याच रात्री संपली. फोन करून मुलांची वयं सांगा, जादा गादीचा दर आधी विचारा, आणि चेकआउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं तेही विचारा. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणारे भल्या सकाळी उतरतात. बाराच्या नियमाच्या लॉजवर त्यांना खोली दुपारपर्यंत मिळत नाही, किंवा आधीच्या रात्रीचे पैसे द्यावे लागतात. चोवीस तासांवाला मिळाला तर तोच घ्या.

नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना वेगळीच सूचना. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. हे पाहुण्यांना सांगायला आम्हाला संकोच वाटतो आणि मग सहा माणसं सकाळी ओळीने अंघोळीला उभी राहिली की यजमानीण बादल्या मोजत बसते. निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या, "पाणी कधी येतं?" यात लाजण्यासारखं काही नाही.

मे महिना

एका वाक्यात सांगते: येऊ नका. पारा चाळिशीच्या वर असतो, अकरा ते पाच बाहेर पडवत नाही. शाळेच्या सुट्टीमुळे दुसरा पर्यायच नसेल तर सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर, एवढाच दिवस धरा.

चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. उंच उंच नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावर पाळणे, शेवटी शोभेचं दारूकाम. मोठ्या मुलांना यापेक्षा भारी काही नाही. पण लॉज तेव्हा भरलेले असतात, म्हणून गड्डा बघायचा तर घर ओळखीचं हवं.

शहर बघायचंच राहून जातं

माझं खरं दुखणं हे. लोक तीनदा सोलापूरला येतात आणि भुईकोट किल्ला बघत नाहीत. तो गावाच्या मधोमध आहे, बहमनी काळातला. बुरुजावर उभं राहिलं की खाली तलाव आणि तलावात सिद्धेश्वराचं देऊळ. सकाळी जा. पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या वास्तूंत पंधरा वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत, म्हणून मुलांचं आधार कार्ड खिशात असू द्या.

तिथून जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आलात ना? त्या गाडीचं नाव यांच्यावरून. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. भाच्याने चारही नावं वाचली आणि विचारलं, "हे आम्हाला पुस्तकात का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता स्मारक. 1938 ला चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांतले ते, तिथेच 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. या वयाच्या मुलांना देवांपेक्षा माणसांच्या गोष्टी धरून ठेवतात, असं माझं मत झालंय.

पण डिसेंबरात सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला, तर पूर्व भागातल्या एका मागाच्या शेडमध्ये. ओळखीतून परवानगी काढली होती, तशी काढूनच जा. हा भाग तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा. आत शिरलं की खडखडाटात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. मागाच्या डोक्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत असते. जिथे भोक, तिथला धागा उचलला जातो, जिथे भोक नाही, तिथला खालीच राहतो. असं एकेक पुठ्ठा सरकत चादरीवर मोर उमटतो. भाचा पाच मिनिटं नुसता बघत राहिला, मग माझ्या कानाशी ओरडला, "आत्या, हे कोडिंग आहे!" आहेच. सुरुवातीचे संगणकही भोकांच्या पुठ्ठ्यांवरच चालायचे. कारागिराने त्याला हाताने खूण करून बोलावलं, तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवलं. त्याच्या बोटांना जे डोळ्याचं पातं लवायच्या आत जमलं, ते भाच्याला चार प्रयत्नांत जमलं नाही. मुलींनी केस बांधून जा, ओढणी नको, आणि हात लावायच्या आधी विचारा.

गावात फिरायला रिक्षा. मीटरचा विषय काढू नका, बसायच्या आधी भाडं ठरवा.

जे दिसेलच असं नाही, ते कबूल करणं

नान्नजला माळढोक अभयारण्य आहे म्हणून मी मुलांना माळढोक कबूल केला होता. चूक. तो पक्षी आता इतका कमी उरलाय की आम्हा सोलापूरकरांनाही दिसत नाही. काळविटांचे कळप मात्र दिसतात, आणि आधीच "काळवीट बघायला जातोय" म्हटलं असतं तर मुलं खूश झाली असती. नळदुर्गचंही तसंच. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातून पडणारे नर-मादी धबधबे भरपूर पावसात नदी वाहते तेव्हाच पडतात. फोटो बघून उन्हाळ्यात गेलात तर कोरडी भिंत दिसेल. किल्ला तेव्हाही बघण्यासारखा आहे, पण मुलांच्या डोक्यात धबधबा बसलेला असतो.

जेवणावरून भांडण

दोन टोकं असतात. एक, मुलं म्हणतात म्हणून रोज पिझ्झा. दुसरं, "सोलापूरला आलोय तर भाकरीच खा." मधला रस्ता स्वस्त आहे. सकाळी गाड्यावरची इडली नाहीतर डोसा, कर्नाटक-तेलंगण शेजारी असल्यामुळे इथे तो चांगलाच मिळतो. बाहेर फिरायच्या दिवशी पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दह्याचा डबा. कडक भाकरी पापडासारखी मोडते, दिवसच्या दिवस टिकते. चटणीत दही कालवा, नाहीतर पुण्याच्या मुलांच्या डोळ्यांतून पाणी येतं. हिवाळ्यात कुणी शेतावर हुरड्याला बोलावलं तर बाकी सगळं रद्द करा.

मुलांना एक दिवस न देणं

डिसेंबरात मी एक केलं. दोन दिवसांतला एक दिवस भाच्याच्या हातात दिला. ठरलेले पैसे दिले आणि सांगितलं, गाडी, जेवण, वेळ, सगळं तू बघ. त्याने विजापूर काढलं, शंभरेक किलोमीटर, आणि गाडी त्याच दिवशी लावली. भाडं ठरवताना चालकाला विचारायला विसरू नका की गाडीला कर्नाटकात जायचा परवाना आहे का. नसला तर सीमेवर खर्च वाढतो. वाटेत आत वळून त्याने हत्तरसंग कुडलही घेतलं. भीमा-सीनेचा संगम, साडेतीनशेवर मुखांचं शिवलिंग, आणि शके 940 म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख. दादाला त्या शिलालेखाचं कौतुक, मुलांना नदीचं.

गोलघुमट सकाळी लवकर गाठायचा असतो, शाळांच्या सहली यायच्या आत. आम्ही कुडल आधी घेतल्याने उशीर झाला आणि वरच्या सज्ज्यात पोचलो तर शंभर पोरं एकदम ओरडत होती. कुजबुज ऐकू येणं तर दूरच. चिडचीड मात्र कुणी केली नाही. ज्याने आखलं होतं तोच म्हणाला, "क्रम चुकला, कुडल येताना ठेवायला हवं होतं." मग मुलुख मैदान तोफ आणि इब्राहिम रोजा बघून वेळेत परत. पैशांतले थोडे उरलेही, त्याची हक्काची कुल्फी झाली.

चादर शेवटच्या तासात

गाडी सुटायला तास असताना स्टेशनच्या आसपास चादर घेऊ नका. घाईत सोलापुरी म्हणून दुसऱ्याच गावची गळ्यात मारतात. पहिल्याच दिवशी, विणणाऱ्यांच्या दुकानातून घ्या. वजनाचाही विचार करा, दोन चादरी म्हणजे एक वेगळी बॅग होते. भाचीने चादर घेतलीच नाही, एक टॉवेल आणि अर्धा किलो शेंगा चटणी घेतली. शिवाय "काय बे" म्हणायला शिकून गेली. ते मोठ्यांना म्हणायचं नसतं, हे सांगायचं राहिलं.

परवा तिचा फोन आला. दिवाळीनंतर यायचं म्हणतेय, मैत्रिणीला घेऊन. पहिला प्रश्न: "आत्या, पाणी कधी येतं?"