‘जनुक गप्प केले’ ही बातमी प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णाने कशी वाचावी

‘जनुक गप्प केले’ असे वाचले की ते कापून काढले असा समज होतो. तो आधी दूर करावा. या पद्धतीत डीएनएला हात लागत नाही. जनुकावरून उतरलेली संदेशवाहक आरएनएची प्रत प्रथिन बनण्यापूर्वीच गाठली जाते, आणि सुमारे २१ अक्षरांचा आरएनएचा तुकडा पेशीतल्याच यंत्रणेकडून ती कापवून घेतो. प्रती पुन्हा निघतच राहतात, म्हणून औषधही पुन्हा द्यावे लागते. फायर आणि मेलो यांनी १९९८ साली एका सूक्ष्म कृमीत हे दाखवले आणि २००६ साली त्यांना नोबेल मिळाले.

मग कोणते जनुक, हे पाहावे. अनेकदा ते अँड्रोजन रिसेप्टरचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाचे असते. एन्झालुटामाइड हे नेहमीचे औषध या प्रथिनाच्या ज्या खोबणीत बसते, ती खोबणच एआर-व्ही७ या त्याच्या रूपात नसते, आणि तरीही ते पेशीला वाढीचा हुकूम देत राहते. अशा वेळी प्रतच कापण्याची कल्पना मोहात पाडते, हे मान्य करायला हवे.

प्रयोग कशावर झाला, तेही शोधावे. एलएनकॅप आणि पीसी-३ ही प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींची नावे हमखास दिसतात. त्यांपैकी पीसी-३मध्ये अँड्रोजन रिसेप्टर जवळजवळ नसतोच, त्यामुळे केवळ तिच्यावर तो गप्प केल्याचा दावा असेल तर भुवई उंचवावी.

खरी अडचण पोहोचवण्याची आहे. या प्रकारचे पहिले मान्यताप्राप्त औषध, २०१८चे पॅटिसिरान, यकृतावर काम करते, कारण ते मेदाच्या सूक्ष्म कणांत भरून देतात आणि रक्तातले असे कण यकृत आपणहून ओढून घेते. हाडांत पसरलेल्या गाठी तसे करत नाहीत. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरच्या पीएसएमए या प्रथिनाला धरून आत शिरण्याची युक्ती २००६ साली उंदरांमध्ये साधली, पण उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे.

शेवटी रुग्णसंख्या पाहावी. आरएनएची प्रतच गाठणाऱ्या चुलत घराण्यातल्या कस्टिर्सेन या औषधाची गोष्ट बोलकी आहे: केमोथेरपीबरोबर ते दिल्यावर ८२ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान १६.९ महिन्यांऐवजी २३.८ महिने दिसले. १,०२२ रुग्णांच्या चाचणीत मात्र आकडे २२.२ आणि २३.४ आले, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही.

कोणी अशा उपचारासाठी पैसे मागितले, तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारावा, तो संकेतस्थळावर स्वतः तपासावा आणि तोवर चालू औषध थांबवू नये.