गाभण घोडी, पहिला चीक आणि शिंगराचे पहिले वीस तास

पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर रुजू झालो, तेव्हा माझ्या हाताला सवय होती ती गाईम्हशींची. घोडीचे जठर लहान असते, त्यामुळे तिची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम न घालता दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावी लागते आणि वैरण मात्र जवळजवळ सतत तिच्यासमोर असावी लागते, हे मला तेथील मोतद्दारांनी शिकवले. या क्षेत्रात येणाऱ्या नव्या पशुवैद्यांनी त्यांच्याकडून शिकताना संकोच करू नये.

घोडी सुमारे 340 दिवस गाभण राहते. गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होत असल्याने चंदी वाढवायची ती याच काळात, आणि तीही हळूहळू. घोडीच्या बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, ही खूण मी अजूनही दर आठवड्याला तपासतो आणि वहीत लिहून ठेवतो.

आपल्याकडे सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती कॅल्शियमची. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडे असते. संकरित नेपिअरसारख्या गवतातील ऑक्झलेट तर असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. गाईच्या कोठीपोटातील जंतू हे ऑक्झलेट बऱ्याच अंशी मोडतात, पण घोडीला ती सोय नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागते आणि कालांतराने लंगडणे किंवा जबड्याची हाडे फुगणे दिसते. म्हणून लसूणघास आणि खाण्यायोग्य चुनखडीची भुकटी यांच्या आधारे आहारातील कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट ठेवावे. तांब्याकडेही लक्ष असावे, कारण घोडीच्या दुधात ते अल्प असते आणि शिंगरू ते जन्माआधीच यकृतात साठवून घेते.

आता चिकाविषयी, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिने गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. शिंगराला ती केवळ चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या सहा-आठ तासांनंतर झपाट्याने घटून सुमारे चोवीस तासांत संपते. माझ्या पहिल्या हंगामात एका घोडीच्या सडांतून विण्याआधी दोन दिवस दूध गळत होते. शिंगरू तासाभरात उभे राहिले, दोन तासांच्या आत कासेला लागले, आणि मी निश्चिंत झालो. प्रत्यक्षात चीक आधीच वाहून गेला होता. विसाव्या तासाच्या रक्ततपासणीत प्रतिकारक प्रथिने डेसिलिटरला 400 मिलिग्रॅमपेक्षाही कमी आढळली. 800 च्या वर असायला हवी होती. शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, द्यावा लागला. शिंगरू वाचले, तरी ती रात्र टाळता आली असती.

तेव्हापासून शिंगरू पिण्याआधीच चिकाचे दोन थेंब ब्रिक्स मापकावर, म्हणजे चिकाचा कस दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर, पाहतो. वाचन 20 टक्क्यांच्या खाली आले, तर गोठवून ठेवलेला चीक काढतो. ज्या घोडीचा चीक उत्तम असतो, तिचे शिंगरू पोटभर प्यायल्यानंतर पावशेर काढून ठेवण्याची व्यवस्था प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीलाच करावी. तो कोमट पाण्यातच वितळवावा, कारण जास्त उष्णतेने प्रथिने नष्ट होतात. विण्याच्या 4 ते 6 आठवडे आधी घोडीला धनुर्वाताची लस दिली, तर ते संरक्षणही याच चिकातून उतरते.

वार तीन तासांत पडली नाही, तर ओढू नये. ताबडतोब उपचार सुरू करावेत. नाळेला सौम्य क्लोरहेक्सिडीन लावावे. सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास शिंगराला पातळ जुलाब होतात; ते दूध पीत असेल आणि तरतरीत असेल, तर घाबरण्याचे कारण नसते, पण मलूल झाले तर एक तासही थांबू नये.

बहुतेक घोड्या रात्री वितात. रुजू होणाऱ्यांनी जानेवारी ते मार्चमधील रात्रपाळी स्वतःहून मागून घ्यावी, आणि सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागले की तबेल्यापासून दूर जाऊ नये.